दोनशे बारा नंबरचं कर्णफूल

बबनराव मेश्रामांनी लखनौला पुरातत्त्वाच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, ती नंबर घालण्यात. खोदकामात मणी सापडो, खिळा सापडो की मातीच्या बैलाचं मोडकं शिंग, त्याच्यावर मुंगीच्या पायाएवढा नंबर घालायचा तो बबनरावांनी. वस्तू काय आहे हे ठरवायला साहेबलोक होते. अमरावतीकडचा माणूस इतका अबोल कसा, हे खरं तर त्यांनी आधी शोधायला हवं होतं.

सोमवारी हजरतगंजात प्रदर्शन उघडायचं होतं आणि लेबलं शुक्रवारी संध्याकाळी छापून यायची होती. बबनराव पेटीत वस्तू मांडत होते. नंबर दोनशे बारा : तांब्याचं नखाएवढं पान, वर नक्षीची वेल, टोकाला वळवलेला आकडा. लेबल : ‘कर्णफूल’. तीनशे चाळीस : तसंच पान, पण आकड्याऐवजी कडी. लेबल : ‘लॉकेट’. दोन्ही वेगवेगळ्या वर्षी निघालेली, म्हणून शेजारी कधी आलीच नव्हती. आज आली, आणि बबनरावांचा हात थांबला. एका पानावर अर्धी तुटलेली वेल दुसऱ्या पानावर पुढे चालू होत होती. दोन्हींना मागे शिवायची भोकं. आकड्याचं टोक तर इतकं बोथट आणि जाड, की ते घालायचं म्हणजे आधी कान फाडावा लागला असता.

हे कर्णफूल नव्हतंच. हा हूक होता. कपड्याचा.

हे बबनरावांना कळायचं कारण त्यांची बायको, कांताबाई. दोन वर्षांपूर्वी तेलीबागच्या भाजीबाजारात पडून त्यांचं मनगट मोडलं आणि बोटं कायमची ताठली. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या ब्लाऊजचे सहा हूक बबनराव लावत. सुरुवातीला घाम फुटायचा.

“काहून जी,” कांताबाई म्हणायच्या, “हूक लावून राहिले का बॉम्ब निकामी करून राहिले?”

आता न बघता लागायचे. पण कांताबाईंनी बजावून ठेवलं होतं, “कोणाले सांगाल न, तर पाहाच!” म्हणून हे त्यांच्या स्वतःच्या पोरीलाही ठाऊक नव्हतं.

विभा मॅडम लेबलं तपासायला आल्या. त्या या विभागाच्या अधिकारी. सोबत फोटोग्राफर अनुप. बबनरावांनी घसा खाकरला.

“मैडम, ये कान का नहीं है. कपड़े का हूक है. ये दोनों एक ही जोड़ी हैं.”

अनुप हसला. “बबनजी, आप टेलर कब से हो गए?”

मॅडम हसल्या नाहीत. “आपको कैसे लगा?”

बबनरावांचे कान लाल झाले. ओळखीचा एखादा शिंपी पुढे करता आला असता. जानकीपुरमचा एक डोळ्यांपुढे उभाही राहिला. पण खोटं बोलायचा सराव नव्हता.

“रोज लगाता हूँ,” ते पेटीकडे बघत म्हणाले. “मिसेस को. उनका हाथ नहीं चलता. कड़ी वाली तरफ कपड़ा दबाना पड़ता है, तब हूक अंदर जाता है. देखिए, दोनों घिसे भी वहीं हैं.”

अनुप एकाएकी कॅमेऱ्याची लेन्स पुसू लागला. मॅडमनी भिंग घेतलं आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. मग छापखान्याला फोन लावला. “दो लेबल रोकिए. दोनों एक ही चीज़ हैं.”

घरी चहा पिताना बबनरावांनी सगळं कबूल करून टाकलं. कांताबाईंचा कप हातातच राहिला.

“साऱ्या ऑफिसले सांगितलं?”

“नाही. दोघांलेच.”

“काय म्हणून सांगितलं?”

“मिसेसचा हूक मीच लावतो म्हणून.”

“मिसेस!” कांताबाईंनी कप खाली ठेवला. “अब्रू घालवलीच, तर नाव तरी घ्यायचं होतं. कांता. सोमवारी घेऊन चला मले. मॅडमले नाव मीच सांगते.”