पहिल्याचा दात

बस डेपोच्या बँडमध्ये त्याला नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती, आणि गरजही नव्हती. पहिला ट्रम्पेट वाजवायचा म्हणून तो ‘पहिला’. शेजारच्या खुर्चीत त्याचा मेहुणा बसायचा, बायकोचा पाठचा भाऊ. तो ‘दुसरा’. वीसेक वर्षं हेच चाललं होतं. दुसरा म्हणवून घेताना माणसाच्या पोटात काय होत असेल, हा विचार पहिल्याच्या डोक्यात कधी आला नाही.

पहिला माणूस म्हणून वाईट होता. उगाच गोड बोलण्यात काय अर्थ आहे? दिवसभर बसखाली आडवा पडून ब्रेक दुरुस्त करायचा आणि तिथूनच जगाचा उद्धार करायचा. चहा गार आला की चहावाल्याला शिव्या, चटका बसला तरी त्यालाच. घरी आला की पंखा हळू फिरतोय, भाजीत मीठ नाही, शेजारचं पोर फार मोठ्याने हसतंय. फोटोवाल्याने “जरा हसा” म्हटलं की हा ओठ आणखी घट्ट मिटायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा जबरदस्तीने पकडून आणल्यासारखा उभा आहे.

पण संध्याकाळी सरावाच्या खोलीत त्याने ट्रम्पेट ओठांना लावला की त्याला पाण्यात पाहणारेही गप्प व्हायचे. बँडची एक जुनी संथ चाल होती. तिच्या शेवटी एकच सूर, उंच आणि लांबलचक. ऐकताना अंगावर काटा यायचा. तो सूर पहिल्यानेच काढावा.

त्याचा वरचा पुढचा एक दात जरा वळलेला होता, अर्धवट उघड्या दारासारखा. त्या दाताच्या कडेवर ओठ टेकायचा, ओठावर ट्रम्पेटच्या तोंडाची पितळी वाटी. “सगळी करामत या दातात आहे,” तो छाती फुगवून सांगायचा. मग मेहुण्याकडे वळायचा. “तुला देवाने सगळे सरळ दिले आणि वाटेला लावलं. आता जन्मभर दुसरा.” सगळे हसायचे. दुसरा खाली मान घालून ट्रम्पेट पुसत बसायचा.

दुसरा डेपोच्या स्टोअरमध्ये होता. जाळीच्या खिडकीतून अवजारं द्यायची, परत घ्यायची. एके दिवशी एक गंजलेला नट हलेना, म्हणून पहिल्याने त्याच्याकडून पाना मागवला. पान्याचं तोंड झिजलेलं होतं. पहिल्याने बसखाली पडल्या पडल्या सगळा जोर लावला, पाना निसटला तो थेट तोंडावर. वळलेल्या दाताचे तुकडे झाले आणि रक्ताबरोबर ग्रीसमध्ये गेले.

“मुद्दाम दिला!” रुमाल तोंडाला लावून पहिला डेपोभर बोंबलत फिरला. “खुर्चीवर डोळा होता मेल्याचा!”

त्या दिवसापासून तो मेहुण्याशी बोलला नाही. बायको बिचारी दोघांच्या कात्रीत सापडली. भावाचं नाव काढलं की नवरा ताट सरकवून उठायचा.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना डेपोसमोरच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावर होता. बाई खमक्या होत्या. दिव्याखाली जबडा धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “मूळही फुटलंय, काढावं लागेल. नवीन दात तीन प्रकारे देता येईल. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, पण त्याला काही महिने थांबावं लागतं. नाहीतर ब्रिज, म्हणजे शेजारचे दोन दात घासून त्यांवर टोप्या आणि मधे नवा दात. नाहीतर काढता-घालता येईल असा.”

“काढता-घालता? वाजवताना समोरच्याच्या मांडीत जाऊन पडायचा. ब्रिज करा.”

बाईंनी दातांच्या रंगांची पट्टी त्याच्या ओठांशी धरली, पुढे-मागे केली आणि खाली ठेवली. “तुमचा रंग यात नाही. आधी साफ करू.”

“मी दात घ्यायला आलोय, अपमान करून घ्यायला नाही.”

“आ करा,” बाई म्हणाल्या.

जखम भरली. मग यंत्र घरघरलं, शेजारचे दोन दात बारीक झाले, साचा घेतला गेला, आणि एक दिवस ब्रिज बसला. बाईंनी तो पक्का केला नाही. आठवडाभर कच्चा चिकटवते, पसंत पडला की पक्का करू, म्हणाल्या. आरशात पहिल्याने पाहिलं. दात सुरेख होता, मोत्यासारखा, आणि एकदम सरळ. कुणीही खूश झालं असतं.

सरावाला त्याने ती चाल धरली. सुरुवात बरी गेली. शेवटचा सूर आला आणि ट्रम्पेटमधून नुसती हवा गेली. पुन्हा धरला, पुन्हा हवा. मागे ढोलवाला खुदकन हसला. पहिल्याने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो ढोलाच्या दोऱ्या आवळायला लागला.

बँडमास्तर म्हातारा होता, पण लेचापेचा नव्हता. “महिनाअखेरीला बागेत कार्यक्रम आहे,” तो म्हणाला. “तोपर्यंत दुसरा तुझ्या खुर्चीत बसेल. त्या दिवशी तू सूर काढलास तर खुर्ची तुझी. नाहीतर त्याचीच, कायमची.”

पहिल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक दवाखान्यात.

“हा काय दात केलाय? मला माझा दात हवा!”

“सरळ करून दिलाय. लोक हट्टाने करून घेतात.”

“लोक गेले खड्ड्यात. वाकडा करा!”

“किती वाकडा?”

आता आली का पंचाईत! पहिल्याने बोट वळवून दाखवलं, हवेत रेघ काढली, शेवटी जीभ काढून दाखवली. बाईंनी दाताच्या रंगाच्या मसाल्याचा तात्पुरता दात करून दिला. तो जास्तच वळला. आणखी एक करून दिला, तो ओठात रुतायला लागला. पहिला रोज जिन्यावरून भांडतच वर यायचा. शेवटी बाईंनी हातमोजे काढून टेबलावर टाकले.

“तुम्ही दात तुटल्यावर आलात. आधीचं मी काहीही पाहिलेलं नाही. हसतानाचा एक फोटो आणा, नाहीतर मला छळू नका.”

त्याने घरातले सगळे फोटो जमिनीवर ओतले. लग्नातला, डेपोतला, बँडचे सगळे. एकात तोंड मिटलेलं, दुसऱ्यात मिटलेलं, बाकीच्यांत तोंडाला ट्रम्पेट. दात एकातही नाही.

“जन्मात एकदा तरी हसला असतात,” बायको दारातून म्हणाली.

“तू गप्प बस! तुझ्या भावाने माझं वाटोळं केलंय. तो दात आता जगात कुठे मिळणार?”

बायकोचाही बांध फुटला. “माझ्या भावाच्या तोंडात!”

“काय?”

“तुमचा दात त्याच्या तोंडात आहे. बघितलात कधी त्याच्याकडे नीट? सात-आठ वर्षं झाली. दुसऱ्या एका डॉक्टरकडे जाऊन त्याने आपल्या चांगल्या, सरळ दातावर फिलिंगचा मसाला चढवून घेतला. हुबेहूब तुमच्यासारखा वळवून घेतला. अक्रोड फोडताना टवका उडाला म्हणून भरला, असं सगळ्यांना सांगितलं. मला शपथ घातली होती. रोज तुमच्यासमोर जेवते मी, मला कळतो ना तुमचा दात.”

“कशासाठी?”

“त्या सुरासाठी! तुम्हीच नव्हता का सांगत, सगळी करामत दातात आहे म्हणून?”

पहिला फोटोंच्या पसाऱ्यात तसाच बसून राहिला. त्याला आधी राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. शेजारच्या खुर्चीत वर्षानुवर्षं त्याचाच दात बसला होता आणि त्याने मान वळवून पाहिलं नव्हतं.

सकाळी तो स्टोअरच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

“तोंड उघड.”

दुसऱ्याने वर पाहिलं. “काय हवंय भाऊजी? पाना?”

“चोरट्या! माझा दात चोरलास.”

दुसऱ्याला काय ते समजलं. कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. “चोरला नाही, करून घेतला. तुमचा तुमच्या हाताने गेला.”

“तुझ्या पान्याने गेला!”

“इथले सगळे पाने झिजलेत. नवीन मागवा म्हणून साहेबांकडे एकदा तरी गेलात? मला शिव्या द्यायला मात्र रोज वेळ होता.”

मागायला आलेल्या माणसाने भांडायचं तरी किती? “माप दे,” तो शेवटी कसाबसा म्हणाला. “डॉक्टरीण साचा घेईल.”

त्याला वाटलं, हा आता नाक घासायला लावणार. दुसरा म्हणाला, “चला.”

“का? पहिली खुर्ची नकोय तुला?”

“हवीय. म्हणून तर.” दुसरा जाळीला तोंड लावून हळू बोलला. “तिथे बसतोय इतके दिवस. हा दात आहे, सराव आहे, तरी तो सूर एकदाही आला नाही. दात चुकलाय की मी, तेच कळत नाही. तुमच्या तोंडात हाच बसू दे. तुम्हालाही जमलं नाही, तर दात चुकलाय.”

“आणि जमलं तर?”

दुसऱ्याने खिडकीची जाळी ओढून घेतली. “तर कळेल.”

दवाखान्यात दुसरा खुर्चीत आडवा झाला. बाईंनी गुलाबी लगदा भरलेला साचा त्याच्या वरच्या दातांवर दाबला. तो निघाल्यावर त्यांनी दात भिंगाखाली पाहिला. “चांगल्या दाताची काय ही दशा करून घेतलीत!” पण हात हलका होता त्यांचा. त्या साच्यावरून त्यांनी नवा ब्रिज करून घेतला आणि बसवायच्या दिवशी दोघांनाही बोलावलं. दोघांना आरशापुढे उभं करून आ करायला लावला. पहिल्याची जीभ तोवर दाताच्या कडेवरून फिरली होती आणि तिला ओळख पटली होती.

“केसाचाही फरक नाही,” बाई म्हणाल्या. “आता मला तोंड दाखवू नका.”

बागेत माणसं बाकांवर, गवतावर बसली होती. बँडमास्तरने हात उचलला. चाल सरकत सरकत शेवटाला आली. पहिल्याने ओठ दातावर टेकवला, वाटी ओठावर, आणि सूर निघाला. तोच सूर, उंच, लांब, न थरथरता. बाकांवरची माणसं उभी राहिली. ढोलवाल्याने टिपरू खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

हीच ती वेळ होती. मेहुण्याकडे वळून काय म्हणायचं, ते पहिल्याने आठवडाभर घोळवून ठेवलं होतं. तो वळला. दुसरा समोर बघत होता आणि जिभेने आपला दात चाचपत होता, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. घोळवलेलं वाक्य पहिल्याने सोडून दिलं.

“गाढवा,” तो गुरगुरला, “माझा डॉक्टरणीने नंतर जरा जास्त वळवला. तुझा केसभर कमी पडतो. म्हणून होत नाही तुला.”

दुसऱ्याने सावकाश मान वळवली. “आरशासमोर मीही होतो भाऊजी. वीस वर्षं शिव्या दिल्यात, त्या पचवल्या. ही कीव करू नका. ही नाही पचायची.”

आणि तो ट्रम्पेट पेटीत भरून निघून गेला.

पुढच्या सरावाला तो येणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं होतं. तो वेळेवर आला. दुसऱ्या खुर्चीत बसला आणि पहिल्याकडे तोंड करून, दात दाखवून हसला. दात सरळ होता. डॉक्टरीणबाईंकडून त्याने तो मसाला घासून काढला होता. त्यांच्याकडे ठेवलेला साचाही मागून घेऊन फोडून टाकला होता.

“आता तो दात जगात फक्त तुमच्याकडे आहे,” दुसरा म्हणाला. “पुन्हा फुटला तर माप मागायला येऊ नका.”

पहिल्याने शिवी न देता ट्रम्पेट उचलला, वाटी हळूच, घाबरत घाबरत ओठाला लावली, आणि शेजारी दुसऱ्याने आपल्या वाट्याचा दुसरा सूर स्वच्छ, मोकळा धरला.