आश्रुबा बैठकीतून उठला त्याची गोष्ट

कडा गावाच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुणाची सोयरीक जुळवायची असली, की आश्रुबाला बोलावणं यायचं. मेंढरं राखून म्हातारा झालेला हा माणूस. शिक्षण शून्य, पण बैठक पक्की. समोरच्यांनी कितीही ताणलं, तरी हा मांडी मोडायचा नाही. सुपारी फुटायच्या आधी मुलीकडचा कारभारी जागेवरून उठला, की नकार समजायचा आणि पाहुण्यांनी टोप्या झटकून गाडी गाठायची, अशी तिकडची रीत. आश्रुबा आयुष्यात एकदाही तसा उठला नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

तो उठला तो सख्ख्या नातीच्या बैठकीत. रोहिणीला पाली गावचा मुलगा परमेश्वर मनापासून पसंत होता. परमेश्वरचे आजोबा मुंजाजी सुपारी हातात घेऊन बसले होते, फक्त अडकित्ता यायचा होता. एवढ्यात आश्रुबाचा चेहरा पांढराफटक पडला. धोतर मागून आवळत तो उठला आणि कडब्याच्या गंजीआड पळत सुटला. परत आला, तेव्हा अंगणात पाहुण्यांची एकही टोपी दिसेना.

खरं दुखणं चार-दोन महिन्यांचं. कळायच्या आत धोतराला लागायचं. म्हाताऱ्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मेडिकलवर गेला आणि जुलाब बंद व्हायच्या गोळ्या मागितल्या. कुणाला पाहिजेत म्हटल्यावर म्हणाला, "मेंढराला." दुकानदाराने जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. मग तो दुसऱ्या दुकानात गेला आणि नसलेल्या मेव्हण्याच्या नावावर गोळ्या घेऊन आला. भाकरी सोडली, पाणी तोडलं, नुसत्या भातावर राहिला. जितका तो बंदोबस्त करी, तितकं ते वाढत गेलं.

सोयरीक मोडल्यावर रोहिणीने आजोबाशी अबोला धरला. चहाचा कप असा आपटून ठेवायची, की अर्धा चहा बशीत. आश्रुबाचा जीव तुटत होता, पण खरं सांगायचं म्हणजे आब गेली. शेवटी त्याची बायको साखराबाई वैतागली.

"चला आष्टीला, डॉक्टरीणबाईकडं."

"कावून? मला काय झालंय?"

"धोतर कोण धुतंय तुमचं? मला कळत न्हाई व्हय?"

डॉक्टरीण होती तेजश्री नावाची, नातीच्या वयाची. तिने सगळं इतक्या सहज विचारलं, की आश्रुबाने निम्मी उत्तरं भिंतीवरच्या कॅलेंडरला दिली. मग तिने हातमोजा चढवला. पुढचं आश्रुबाने कुणालाच सांगितलेलं नाही, आपणही विचारू नये.

"आबा, तुम्हाला जुलाब नाहीतच," ती हात धूत म्हणाली. "तुमचं पोट साफ होत नाही. आत घट्ट खडा बसलाय. बंधारा गाळाने भरला की कडेनं पाणी झिरपतं ना, तसं पातळ तेवढं बाहेर येतंय. आणि तुम्ही वरून बंद करायच्या गोळ्या खाताय!"

तिने आधी पोट मोकळं करायचं औषध दिलं. भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी सुरू करायला सांगितलं. सकाळी खाणं झालं, की लागो न लागो, संडासात निवांत बसायचं, कुंथायचं नाही. गावाला जाताना पॅड लावायचा, त्यात लाज कसली. आणि एक व्यायाम: पोटातला वारा अडवताना आवळतो तसं आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं. बसल्याजागी, दिवसातून तीन-चारदा.

हा व्यायाम आश्रुबाला फार आवडला. तो पारावर बसूनच करायचा. आवळताना भुवया वर जायच्या आणि नजर लांब लागायची. लोकांना वाटे, म्हातारा काहीतरी गहन विचारात आहे. एकदा तर शेजारच्या अमरसिंहाने शेताच्या वाटणीवर त्याचा सल्ला विचारला आणि त्या गंभीर मुद्रेवर विश्वास ठेवून निम्मा बांध सोडूनही दिला.

महिन्या-दीड महिन्यात बरंच सावरलं. मग साखराबाईने त्याला पालीला नेलं. रोहिणीचं लग्न त्याने मोडलं होतं, ते त्यानेच जोडायचं होतं.

मुंजाजी फुगून बसले होते. आश्रुबाने पाऊसपाणी काढलं, मेंढरांचे भाव काढले, धरणात पाणी किती ते काढलं.

"पाव्हणं, ते ऱ्हाऊ द्या," मुंजाजी म्हणाले. "आमच्या पोरात काय खोट दिसली, म्हणून उठलात?"

"खोट न्हाई हो. पायात गोळा आलता."

"पायात गोळा आलेला माणूस पळतो व्हय? आमी काय आंधळे हाव का?"

सगळ्या तालुक्यात बोलणी करणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडेना. तेव्हा भिंतीला टेकलेली साखराबाई बोलली.

"त्यांना संडासला लागली व्हती. धरवंना, म्हणून पळाले. बाकी काई न्हाई."

एक पोरगा फिस्सकन हसला. साखराबाईने तिकडे पाहिलंही नाही.

"हसायचं काय त्यात? मला थोरल्याच्या बाळंतपणापासून हाय. लई आडलं व्हतं पोरगं. उसाच्या फडातून उठले, पंगतीतून उठले, लेकीच्या हळदीतून उठले. हे येकदा उठले तर सोयरीक मोडली. मी जलमभर उठतेय, कुणी इचारलंबी न्हाई, बाई कावून उठली म्हणून."

आतल्या दारात मुंजाजींची बायको केशरबाई उभी होती. ती पदर सावरत पुढे आली, अडकित्ता मुंजाजींच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "फोडा."

मुंजाजींनी सुपारी फोडली.

परतीच्या जीपमध्ये रोहिणीला आधी फोन करायचा, हेही आश्रुबाला सुचलं नाही. त्याने विचारलं, "थोरल्यापासून? मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं," साखराबाई बाहेर बघत म्हणाली. "तुमी म्हणलात, बायांचं बायांनी बघावं."

आश्रुबाला हे आठवत नव्हतं. आपल्याला आठवतसुद्धा नाही, याची लाज त्याला त्या शब्दांपेक्षा जास्त वाटली.

सोमवारी तो एकटाच पहाटेच्या गाडीने आष्टीला गेला आणि साखराबाई येईपर्यंत तिच्यासाठी पहिला नंबर धरून दवाखान्याच्या दारात उभा राहिला.