पहिला कोअर झोपेतून उठतो तेव्हा

नांदेडच्या घरी वरच्या खोलीत बसून मी जे काम करते, ते कुणाला सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. कॉम्प्युटर चालू झाला की जो प्रोग्रॅम बाकी सगळ्यांना कामाला लावतो, त्याला कर्नल म्हणतात. जगभरातले लोक मिळून तो लिहितात. नवा प्रोसेसर बाजारात यायच्या बऱ्याच आधी त्याच्यासाठीचे बदल, म्हणजे पॅच, यायला लागतात. ते ओळ न् ओळ वाचायचे, शंका काढायच्या, आणि पटलं तर खाली आपल्या नावानं लिहायचं, की हे मी तपासलंय. प्रोसेसर मात्र आपण पाहिलेला नसतो. हातात असतं एक जाडजूड मॅन्युअल आणि त्या प्रोसेसरची नक्कल करणारा एक सिम्युलेटर.

वडील बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "म्हणजे नुसत्या नकाशावर पूल पास करून राहिलीस तू."

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेले पॅच एका परदेशी माणसाचे होते. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता आणि दोन वर्षं याच एका कामावर होता. प्रोग्रॅम एक काम सोडून दुसऱ्या कामाला जातो, तेव्हा परत कुठं यायचं ते लिहून ठेवतो. कॉम्प्युटरमध्ये घुसणारे चोरटे नेमका तोच पत्ता बदलतात. नवा प्रोसेसर त्या पत्त्याची दुसरी प्रत कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवणार होता, आणि दोन्ही जुळले तरच पुढं जाणार होता. कर्नलनं फक्त ती सोय वेळेवर चालू करायची होती.

त्याचं लिहिणं नीटनेटकं होतं. मी काही विचारलं की तो न चिडता उत्तर द्यायचा, दुरुस्ती करून पुन्हा पाठवायचा. मेमध्ये शेवटची आवृत्ती आली. मी ती वाचून संपवली आणि तरी खुर्चीवरून उठवेना. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

सापडलं ते दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना. लॅपटॉप झाकला की प्रोसेसर झोपतो. प्रोसेसरच्या आत काम करणारे सुटे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. उघडला की आधी पहिला कोअर उठतो, मग तो बाकीच्यांना उठवतो. बाकीचे कोअर उठताना ही सोय पुन्हा चालू करायचे. पहिल्यासाठी तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. झोपेत ती सोय टिकत असेल तर प्रश्न नव्हता. टिकत नसेल तर? मॅन्युअल याबद्दल गप्प होतं. आणि सिम्युलेटरला खरी झोप येतच नव्हती, तो झोपल्यासारखं करायचा.

मी विचारलं. त्याचं उत्तर आलं: आमच्याकडे चालतंय. मी पुन्हा विचारलं, खऱ्या प्रोसेसरवर चालेल कशावरून? त्यावर त्यानं अडचण सांगितली. ही सोय उठण्याच्या मधोमध चालू केली, तर परतीचे जुने पत्ते दुसऱ्या प्रतीत नसणार आणि मशीन जागच्या जागी कोसळणार. म्हणजे तो सगळा भाग नव्यानं लिहावा लागेल. तेवढा वेळ नव्हता. त्या खेपेचे पॅच घ्यायची मुदत संपत आली होती. त्या विभागाचे प्रमुख, ज्यांना मेंटेनर म्हणतात, त्यांनी मला एवढंच लिहिलं: तुमची संमती आली की मी घेतो.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. जेवताना उठायची, मॅन्युअलचं तेच पान उघडायची, वाचायची, बंद करायची. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर कपडे बादलीतच ठेवून खाली आले.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही करून टाक की. एवढ्या मोठ्या कंपनीची माणसं हायेत. त्यांना कळत नसंल का?"

"त्यांनाही माहीत नाही, पप्पा."

"मग तुला हाय का?"

"नाही."

"मग अडवून कशापायी राहिलीस?"

मी कपडे वाळत घालायला पुन्हा गच्चीवर गेले.

त्याच आठवड्यात लातूरला ताईच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. लॅपटॉप पिशवीत घालून मी वडिलांबरोबर एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रेंज यायची आणि जायची, तसा माझा हात पर्समध्ये जायचा आणि बाहेर यायचा. "तो फोन फुटंल आता," वडील म्हणाले.

ताईच्या घरात पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. बुद्धवंदना झाली, खीर वाढली जात होती, आणि त्या माणसाचा मेसेज आला, की बोलता येईल का? त्याच्याकडे नुकतीच सकाळ झाली असणार. मी धान्याच्या पोत्यांच्या खोलीत गेले. पाठोपाठ ताई आली.

"आज तरी ठेव ते. लोकं विचारून राहिलेत तुला."

"पाचच मिनिटं, ताई."

"तुझी पाच मिनिटं मला म्हाईत हायेत," म्हणून तिनं दार ओढून घेतलं.

त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला तो तरुण वाटायचा, पण आवाज वयस्कर होता, थकलेला. हार्डवेअरवाल्यांना विचारलंय, उत्तर येत नाही, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "या वेळी हे गेलं नाही, तर काम माझ्याकडून काढून घेतील. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं."

मी एका पोत्यावर टेकले.

"ती सोय टिकत नाही, अशी तुमची खात्री आहे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

वडिलांना न देता आलेलं उत्तर तेव्हा तोंडी आलं. "ती बंद पडली तर कुणाला कळणारच नाही. मशीन उठेल, सगळं नीट चालेल. फक्त कुलूप उघडं असेल. बिघाड दिसणारा असता, तर मी केव्हाच हो म्हटलं असतं."

मग तो म्हणाला, "कळलं." रागावला होता का, ते आवाजावरून समजलं नाही. मी तिथंच पोत्यावर बसून मेंटेनरना लिहिलं, की शंका मिटेपर्यंत मी संमती देऊ शकत नाही. पाठवलं आणि बाहेर आले. ताईनं वाटी हातात दिली. खीर गार झाली होती. ती कशी लागली तेही मला आठवत नाही.

पॅच त्या वेळी कर्नलमध्ये गेले नाहीत. त्याच्याकडूनही काही आलं नाही. रोज सकाळी मी मेलमध्ये आधी त्याचं नाव शोधायची. पावसाळा संपता संपता तेच पॅच पुन्हा आले, पाठवणारी मात्र त्याच कंपनीतली एक बाई होती. पहिला कोअर उठण्याचा भाग नव्यानं लिहिलेला होता आणि नेमका लिहिलेला होता. लेखक म्हणून वर नाव त्याचंच होतं. मी तपासून संमती दिली. तो कुठं आहे, असं त्या बाईंना वेगळं विचारलं. त्यांनी कंपनी सोडली, असं एका ओळीचं उत्तर आलं.

का सोडली, ते मी विचारलं नाही. मनात मात्र विचारत राहिले. भाकरी करताना, वडिलांना दवाखान्यात नेताना. ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तू काय त्याला काढलं का? आपलं काम केलंस." ते बरोबर होतं. तरी शांत वाटलं नाही.

मग तो प्रोसेसर बाजारात आला. तो बसवलेला एक लॅपटॉप कुरिअरनं नांदेडला माझ्या दारात आला. नव्यानं लिहिलेला तो भाग मी माझ्यापुरता काढून टाकला, कर्नल पुन्हा तयार करून त्यावर चढवला, झाकण लावलं, उघडलं. पहिल्या कोअरवर सोय तरीही चालूच होती. पुन्हा लावलं, उघडलं. चालूच. गरम झाल्यावर, चार्जर काढून, बराच वेळ झोपवून ठेवून पाहिलं. दर वेळी चालूच.

वडील दारात उभे राहून बघत होते. "बिघडलंय का?"

"नाही पप्पा. बरोबर चाललंय."

"मग असं का करून राहिलीस?"

मी त्या माणसाला लिहिलं. त्याचा खाजगी ईमेल पत्ता कुठल्याशा जुन्या पॅचमध्ये होता. या प्रोसेसरवर सोय टिकते, तुमचं बरोबर होतं, एवढंच. आठवडाभरानं उत्तर आलं. तो आता एका शाळेत शिकवतो, बरा आहे. तो प्रोसेसर त्यानं अजून पाहिलेला नाही. शेवटी विचारलं होतं: तो भाग आता तुम्ही काढायला सांगणार का?

मी मॅन्युअलची नवी आवृत्ती उघडली. त्या पानावर अजूनही काहीच लिहिलेलं नव्हतं. या प्रोसेसरवर टिकते, पुढच्यावर टिकेल असं कुणी म्हटलेलं नाही. मी त्याला कळवलं, की नाही सांगणार. मग लॅपटॉपचं झाकण लावलं, खिडकीपर्यंत जाऊन आले, आणि पुन्हा उघडून पाहिलं.