श्वास रोखून टिपलेला बर्फ

न्यूझीलंडमधल्या भूकंपानंतर नवऱ्याला तिथल्या ख्राइस्टचर्चला बांधकामातलं काम मिळालं, म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात बर्फ पडला आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. जुन्या काळी लोकांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणांचे पहिले फोटो काढले होते, तसेच याला काढायचे होते. "शास्त्रही आहे आणि कलाही," म्हणे. मी म्हटलं, "आणि सर्दी-खोकला कुणाच्या वाट्याला?"

उघड्या गराजमध्ये त्याने काळ्या मखमलीचा तुकडा मांडला. त्यावर कण पडला की काडीच्या टोकाने उचलून काचेवर ठेवायचा आणि वितळायच्या आत फोटो घ्यायचा. सगळं सामान बाहेरच्याइतकंच गार हवं. मुख्य म्हणजे काचेपाशी श्वास सोडायचा नाही, नाहीतर वाफेने कण गेलाच. हा नियम त्याने आमच्या सात वर्षांच्या लेकीकडूनही घोटून घेतला. तिला दमा! गार हवा लागली की छातीत शिट्टी वाजायची.

"अरे, तिला कशाला नेतोस?"

"पाचच मिनिटं गं. मजा येते तिला."

आणि खरंच यायची, कपाळ माझं! मी मराठीत ओरडायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, "आय्म फाइन, आई." तरी माझ्या मनात सारखी पाल चुकचुकायची.

एका सकाळी बर्फ जोरात आला. शाळा बंद, बापलेक गराजमध्ये. मी पोहे परतत होते. एरवी भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा, त्या दिवशी काहीच येईना. आधी बरं वाटलं. मग हातातलं उलथणं थांबलं. इतकं शांत कसं?

दार उघडलं तर हा कॅमेऱ्यावर वाकलेला. तोंड बाजूला वळवून कुजबुजला, "श्श! बघ कशी श्वास रोखून उभी आहे. शहाणी माझी ती."

ती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. खांदे कानापर्यंत चढलेले, ओठ जांभळे. पोरगी श्वास रोखत नव्हती, तिला तो घेताच येत नव्हता.

"अरे, तोंड बघ तिचं!" मी किंचाळले. तिचा दम्याचा निळा पंप आणून मी तिच्या तोंडाला लावला. नवऱ्याने अँब्युलन्सला फोन केला. रस्त्यांवर सगळीकडे बर्फ, अँब्युलन्स दारात येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी तिच्या ओठांवर रंग आला. तिने डोळे उघडले आणि मला सोडून बाबाला शोधलं. मास्कच्या आडून विचारलं, "बाबा, कॅन आय ब्रीद नाऊ?"

तो पलंगाच्या कडेवर डोकं टेकून ढसाढसा रडला. माझा हात त्याच्या पाठीवर जायला हवा होता. गेला नाही.