शिशाची भुतडी

नॉटिंगहॅमजवळच्या हकनॉलच्या बाजारामागे, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत जॅनिस टाऊल राहायची. लग्नाआधी ती मोज्यांच्या कारखान्यात सुटलेले टाके उचलायची. तिथल्या बायका म्हणायच्या, जॅनिसला माशीचा मोजा दिला तरी ती शिवून देईल. लेक केरी झाल्यावर तिनं कारखाना सोडला. नवरा रॉय सायकलींच्या कारखान्यात पाळीवर जाई. दिवसभर घरात ती आणि पोर. पोर गुणी होती, पण जॅनिसच्या बोटांना स्वस्थ बसायची सवयच नव्हती.

दोन घरं पलीकडे डेस हॅलम राहायचा. दाढीवाला, एकटा, बायकांशी बोलताना नजर बुटांवर ठेवणारा. जुन्या गिरणीच्या मागच्या शेडमध्ये तो आणि त्याचे सोबती शिसं वितळवून बोटाएवढे राक्षस ओतायचे. रविवारी दुपारी पबच्या माडीवर हीच मोठी माणसं टेबलाभोवती बसत, ते राक्षस मांडत, फासे टाकत. एकजण गोष्ट सांगे, बाकीचे त्या गोष्टीत शिरून लढत, पळत, मरत. सारा मोहल्ला त्यांना हसायचा. पण देशभरातून पोरं त्या राक्षसांसाठी दुकानांत येऊ लागली होती, आणि दुकानांच्या काचेत मांडायला रंगवलेले नमुने हवे होते. डेसला जॅनिसच्या बोटांबद्दल कुणीतरी सांगितलं होतं. एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

जॅनिसनं ते उजेडात धरून पाहिलं. “याला काय झालंय, डेस? दाढ दुखतेय का?”

“तो ऑगर आहे. माणसं खातो.”

“म्हणजे पोटाचा त्रास असणार. रंगही तसाच देते.”

तिनं खरोखरच तसा रंग दिला. ड्रॅगन-राक्षस तिनं कधी चित्रातसुद्धा नीट पाहिले नव्हते, त्यामुळे ती जे पाहिलं होतं तेच रंगवायची. ऑगरच्या पोटाला तिनं गोठलेल्या चरबीचा पिवळट रंग दिला, गुडघ्यांना रविवारचा फुटबॉल खेळून आलेल्या रॉयच्या गुडघ्यांचा काळानिळा. नाकाचा शेंडा तिच्या सासऱ्याच्या नाकासारखा, बारीक लाल शिरांनी भरलेला. पबच्या माडीवर तो ऑगर हातोहात फिरला. मग कामाची रीघ लागली. खांबावरच्या कबुतराच्या मानेची झाक तिनं सर्पिणीच्या अंगावर आणली. खाटकाकडं टांगलेल्या फुप्फुसाकडं ती इतका वेळ टक लावून बसायची, की खाटीक विचारायचा, “घ्यायचंय, का नुसतं ओळखीचं आहे?”

रॉयलाही अभिमान वाटायचा. पाळीवर निघताना तो खिडकीतला सगळ्यात भयाण राक्षस उचलून म्हणायचा, “हा घेऊन जातो, फोरमनशी ओळख करून देतो.” एका रविवारी जॅनिस स्वतःच माडीवर खेळायला गेली. खेळातल्या गुहेत शिरली, पहिल्याच खोलीत मेली, आणि घरी येऊन रॉयला सगळं इतकं रंगवून सांगितलं की त्याचा चहा गार झाला. असं सुख तिला कारखान्यात कधी मिळालं नव्हतं.

काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायचं. ओतताना साच्याची शिवण राक्षसाच्या अंगावर राहते, ती आधी कानशीनं घासून काढावी लागे. करडी पूड टेबलावर सांडायची. जॅनिस ती तळहातानं झाडायची, मग फडकं फिरवायची, मग त्याच टेबलावर ताटं मांडायची. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत फिरवायची. रंगवणारे सगळेच तसं करत. केरी टेबलाखाली खेळत असे. डेस फसलेले नग पिशवीतून आणून द्यायचा. कुणाचा हात तुटलेला, कुणाचं शिंग अर्धंच उतरलेलं. लांब कानांच्या बुटक्या भुतड्यांवर केरीचा फार जीव. एकाला तर ती झोपतानाही सोडत नसे. त्याच्या कानांवर तिच्या दातांच्या खुणा होत्या, आणि जॅनिसला त्याचं हसूच येई. म्हणायची, “राक्षस माणसं खातात, आमच्याकडं उलटं आहे.”

केरी तीन वर्षांची झाली आणि बिघडू लागली. पोट दुखतं म्हणून रडायची. जेवण नको, रंग मेणासारखा. आधी जे शब्द बोलायची ते गळू लागले. ‘फुलपाखरू’ गेलं, मग ‘खिडकी’. डॉक्टर म्हणाले, पोर हट्टी आहे, लाड कमी करा. जॅनिसनं लाड कमी केले. ती गोष्ट पुढं तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त टोचली, की पोर पोटात कळ येऊन रडत होती आणि आपण तिला कोपऱ्यात उभी करत होतो.

लसीच्या चौकशीला आलेल्या आरोग्यसेविकेनं ते ओळखलं. पोक्त बाई होती, चहाला नाही म्हणत नसे. केरीनं तिला आपलं भुतडं बघायला दिलं. बाईनं ते तळहातावर तोललं, कानांवरून अंगठा फिरवला, टेबलावरच्या पुडीकडं पाहिलं, आणि कप खाली ठेवला.

“हे कशाचं आहे गं, बाळा?” तिनं विचारलं. बोलली केरीशी, पण विचारलं जॅनिसला.

रक्त तपासलं. नॉटिंगहॅमच्या इस्पितळात केरीला ठेवून घेतलं. रक्तातलं शिसं उतरवायची सुई मांडीत द्यायचे. ती इतकी दुखायची की दोन परिचारिका पाय धरून ठेवत आणि जॅनिसला बाहेर जायला सांगत. जॅनिस बाहेर गेली नाही. तिनं पोरीचं डोकं छातीशी धरलं आणि ती किंकाळी पूर्ण ऐकली, प्रत्येक वेळी.

घरी रॉयनं आरडाओरडा केला नाही. त्यानं टेबलावरचं सगळं, रंग, कानशी, अर्धे रंगवलेले राक्षस, पत्र्याच्या डब्यात भरून मागच्या अंगणात नेलं. परत येऊन टेबल घासायला लागला. बराच वेळ घासत होता. मग पाठमोराच म्हणाला, “तू तिला खेळायला विष दिलंस, जॅन.”

उलट बोलण्यासारखं जॅनिसकडं एक होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बसवून घराची सारी माहिती विचारली होती. घर किती जुनं, पाण्याचे नळ कसले, दारांचा जुना रंग कुणी अलीकडं काढला का. रंग रॉयनं काढला होता. त्याच वर्षी वसंतात, घरातली सगळी दारं आणि जिन्याचा कठडा, गॅसच्या ज्योतीनं भाजून आणि पात्यानं खरवडून. शंभर वर्षांचे थर होते ते. घरभर धूर नि पापुद्रे, आणि केरी जिन्यावर बसून ते पापुद्रे गोळा करत होती, “पानं, पानं” म्हणत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या रंगातही शिसंच असतं, आणि ते भाजलं की वाईट. कशातून किती गेलं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित सगळ्यातून.

हे जॅनिसनं रॉयला सांगितलं नाही. आधी वाटलं, त्याचं दुःख थोडं निवळलं की सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर आपलं ओझं त्याच्यावर ढकलल्यासारखं होईल. नंतर नंतर तिला कळेना, ती त्याच्यावर दया करते आहे की त्याच्याविरुद्ध काहीतरी जपून ठेवते आहे. रॉय रागानं पाहायचा तेव्हा ती जिन्याच्या कठड्याकडं बघायची. त्यानंही कधी विचारलं नाही की ती तिकडं का बघते.

डेस एकदा आला. दारातच उभा राहिला, आत बोलावतील म्हणून थांबला, पण कुणी बोलावलं नाही.

“तुला ठाऊक होतं?” जॅनिसनं विचारलं.

“ओतताना धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, एवढं ठाऊक होतं. तुझ्या घरात लहान मूल आहे, हे मी रोज पाहत होतो. दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, जॅन. एकत्र कधी आल्याच नाहीत डोक्यात.”

तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर रस्त्यात तो दिसला की ती फुटपाथ बदलायची. पुढं डेसनं शेडमध्ये शिसं बंद केलं, दुसऱ्या धातूवर गेला. तिला ते कुणाकडून तरी समजलं, आणि तिनं ते सांगणाऱ्याशीही बोलणं तोडलं.

केरी वाचली. शब्दही परत आले. पण शाळेत अक्षरं तिच्यासमोर ठरत नसत. रागावली की हाताला लागेल ते भिरकावायची आणि मग स्वतःच भेदरून जायची. हे शिशामुळं, की ती तशीच व्हायची होती? जॅनिस ज्याला त्याला विचारायची. मास्तर म्हणत, वर्गात अशी आणखीही मुलं आहेत, त्यांनी काही शिसं खाल्लेलं नाही. त्यानं तिचं समाधान व्हायचं ते बस येईपर्यंत टिकायचं. जॅनिस आता एका शाळेच्या भोजनगृहात भांडी घासत होती. ब्रश हातात धरायचा नाही, हे तिनं ठरवलं नव्हतं. खिडकीतल्या कुंड्यांना रंग द्यायची वेळ आली तेव्हा तिनं त्या तशाच ठेवल्या, इतकंच.

सतरा वर्षांची असताना केरीला बेकरीतल्या नोकरीवरून काढलं. गिऱ्हाइकांनी सांगितलेलं तिच्या ध्यानात राहत नव्हतं. जेवताना रॉय तिला नीट लक्ष देत नाहीस म्हणून बोलला, ती ताट सारून उठली आणि ओरडली की मी मुद्दाम करते का, माझं डोकंच असं आहे.

“ते का असं आहे, हे आईला विचार,” रॉय म्हणाला.

म्हणून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण शब्द बाहेर पडले होते. मग जॅनिसनं सांगितलं. टेबल, पूड, दातांच्या खुणांचं भुतडं, सुया, किंकाळ्या. काही राखलं नाही, एक सोडून. दारांचं तिनं सांगितलं नाही. रॉय काट्यानं बटाटा कुस्करत सगळं ऐकत होता.

“म्हणजे मी तुझ्यामुळं अशी आहे?” केरीनं विचारलं.

“ठाऊक नाही, बाळा. असेल.”

त्यानंतरचा काळ वाईट गेला. केरीला आता प्रत्येक गोष्टीचं उत्तर सापडलं होतं. नोकरी टिकली नाही, मित्र सोडून गेला, बस चुकली, की ती जॅनिसकडं एक नजर टाकायची. पुढं तर नजर टाकायचीही गरज उरली नाही. जॅनिस बारीक होत गेली. रॉयला ते दिसत होतं.

एके दिवशी रॉय केरीला नव्या कामाच्या ठिकाणी सोडायला गाडीनं निघाला. परतल्यावर तो वर जाऊन पडून राहिला. संध्याकाळी केरी आली, कोट न काढताच स्वयंपाकघरात आईसमोर बसली.

“बाबांनी गाडी कडेला घेतली,” ती म्हणाली. “दारांचं सांगितलं. त्यांना आधीपासून ठाऊक होतं म्हणे. मी इस्पितळात होते तेव्हाच कामावरच्या कुणीतरी सांगितलं होतं, जुन्या रंगाबद्दल.”

जॅनिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “त्याला ठाऊक होतं?”

“तुलापण?”

जॅनिसनं मान डोलावली. चौदा वर्षं दोघं एकाच बिछान्यात झोपले होते, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही, इतका की टेबलाची कड धरावी लागली. तो तिच्यावर बोट रोखून निवांत राहिला होता. आणि त्याच वेळी तिला तो टेबल घासणारा पाठमोरा रॉय आठवला, आणि तो निवांत राहिला होता असं काही तिला म्हणता येईना.

केरीनं कोटाची बटणं सोडली. मग म्हणाली, “इतके दिवस बरं होतं. तुझ्यावर चिडता येत होतं. आता मी कुणावर चिडू?”

“दोघांवर चिड.”

“राग दोघांना नाही पुरत,” केरी म्हणाली, आणि उठून चहाचं पाणी ठेवलं.

जॅनिस वर गेली. रॉय भिंतीकडं तोंड करून पडला होता. ती त्याला बोलणार होती, सगळं, वर्षानुवर्षांचं. पलंगाच्या कडेवर बसून ती एवढंच म्हणाली, “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “आधी तुला बोलून बसलो होतो. मग परत कसं घेणार?” त्यांनी एकमेकांना माफ केलं असं काही झालं नाही. ती काही महिने केरीच्या खोलीत झोपली, नंतर थंडी पडली तेव्हा आपल्या खोलीत परत आली.

केरी पुढं डर्बीला एका रोपवाटिकेत लागली. तिथं झाडांची नावं लिहायला दुसरी मुलगी होती, केरीनं फक्त झाडं जगवायची. कामात ती टिकली. राग तिच्यात आहे, अजून आहे, पण आता तो तोंडावर येण्याआधी ती बाहेर जाऊन फेरी मारून येते. पोटुशी राहिली तेव्हा तिनं जॅनिसला फोन केला. हाडांत मुरलेलं शिसं अशा वेळी रक्तात उतरू शकतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तपासणीचं कळेपर्यंत जॅनिस फोनजवळून हलली नाही. निकाल बरा आला. केरीनं तो सांगितला, आणि आणखी एक सांगितलं, की बाळाला ती हकनॉलच्या घरी आणणार नाही.

“दारं पुन्हा रंगवलीत, केरी. टेबलही बदललं.”

“मला ठाऊक आहे, आई. तूच इकडं ये.”

जॅनिस जाते. दर गुरुवारी डर्बीची बस धरते. बाळाला घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुते, साबण लावून, नखांतून ब्रश फिरवून. केरी तिला दारातून पाहते आणि पुरे म्हणत नाही. मग टॉवेल देते, आणि पोर तिच्या हातात ठेवते.