बंद दारांचं शहर

सिनेमा मुका होता आणि पडद्यावरची अक्षरं इंग्रजी. म्हणून कर्जतच्या जत्रेत तंबूवाल्याने ती मराठीत वाचून दाखवायला मला, शाळामास्तराला, उभं केलं होतं. शत्रूने बळकावलेलं शहर फौज येऊन सोडवते, अशी गोष्ट होती.

पुढेच एक म्हातारा बसला होता. अंगात विटलेला खाकी कोट, मुंडासं सोडून मांडीवर ठेवलेलं. फौज शहरात शिरली, बायका सज्जांतून फुलं टाकू लागल्या. मी मोठ्याने वाचलं, "शहर सुटलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा तेवढा हाताची घडी घालून बसून राहिला.

खेळ संपल्यावर तो माझ्याकडे आला. "मास्तर, मोठ्या लढाईत मी अरबांच्या मुलखात, बसऱ्याकडं, गोऱ्यांच्या फौजेची खेचरं हाकली. आमी बी असंच शहर सोडवाय गेलो हुतो. साहेब म्हनला, लोक वाट बघत्यात. पन फुलं नाय पडली. समदी दारं बंद. एका घरात पोर रडत हुतं."

"मग?"

"मी दाराशी जाऊन म्हनलं, भिऊ नका, आमी सोडवाय आलोय. आपल्या मराठीत!" तो ओशाळून हसला. "आतलं रडनं एकदम थांबलं. कुनीतरी त्याचं तोंड दाबलं असंल."

सोडवणारा दारात उभा राहिला की आतल्यांना कसा दिसतो, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

मुंडासं बांधता बांधता तो म्हणाला, "आता जानतं झालं असंल ते पोर. त्याला कुनी सांगंल का वं, भाईर नुसता खेचरंवाला हुता?"