मधला भाग रेंगाळतो

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जीभ जरा सैल होईल असं वाटलं होतं. कुठलं काय! सकाळपासून नुसता चहावर चहा होतोय आणि पहिलं वाक्य काही सुचत नाही.

माझं नाव सुनंदा. बँकेतून निवृत्त झाले, सिडकोत राहते, आणि वाचते. वाचते म्हणजे अधाशासारखी वाचते. भाजी फोडणीला टाकून वाचते, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वाचते. आमच्या भागात बायकांचं एक वाचन मंडळ आहे. दर महिन्याला एक नवी कादंबरी ठरते, एकीच्या घरी बैठक होते, पोहे होतात, चर्चा होते. आणि पद्धत अशी की आधी माझं मत. मी बोलल्याशिवाय दुसरी कुणी तोंड उघडत नाही. ही पद्धत कुणी ठरवली नाही, आपोआप पडली. मला ती आवडायची — नाही, आवडतेच. आता तुमच्यापासून लपवून काय करू?

मतं तर माझ्याकडं ढीगभर. मागच्या पानावर ‘अंतर्मुख करणारी’ असं छापलेलं दिसलं की माझं डोकंच उठतं. नायिका शहरातला फ्लॅट सोडून डोंगरात जाते आणि तिथं तिला स्वतःचा शोध लागतो — हल्ली अशा किती आल्या! अगं बाई, पण डोंगरात तुझं पाणी कोण भरतं? ते एकही लेखक सांगत नाही. मला माणसं कामाला जाताना दिसली पाहिजेत, त्यांची भांडणं खरी वाटली पाहिजेत. आणि मंडळासाठी कादंबरी कशी हवी? जिच्यावरून दोघींनी आठवडाभर अबोला धरावा अशी. सगळ्यांनाच आवडलेल्या पुस्तकावर बोलणार काय? पोहे खायचे आणि घरी जायचं.

पण कधी कधी पुस्तक वाचून होत नाही. पाहुणे येतात, कंटाळा येतो. आणि पहिलं मत तर द्यायचंच असतं. अशा वेळी मी पहिलं पान वाचते, शेवटचं पान वाचते आणि एक वाक्य बोलते. सुरुवात पकड घेते, शेवट छान झालाय, पण मधला भाग रेंगाळतो. करून बघा तुम्ही. कुठल्याही कादंबरीला बसतं हे वाक्य. लगेच माना डोलतात, एखादी म्हणते, हो ना, मलाही तसंच वाटलं. यात कुणाचं काय वाईट होत होतं? छापून आलेल्या पुस्तकाचं माझ्या मतानं काय बिघडणार?

बघा, मी अजून वळसेच घालतेय. मीराचं सांगायचंय मला.

मीरा आमच्या मंडळात सगळ्यात शेवटी आली. मूळची दौलताबादची, लग्न होऊन हर्सूलला आलेली, एका शाळेत कारकून होती. दोन रिक्षा बदलून यायची, पण बैठक कधी चुकवायची नाही. कोपऱ्यात बसायची, आणि तिची पाळी आली की म्हणायची, मला आवडली. बस्स, तेवढंच. कुठलीही कादंबरी असो, मला आवडली. मी घरी येऊन नवऱ्याला तिची नक्कल करून दाखवायचे. हेही आत्ताच पहिल्यांदा सांगतेय.

एके दिवशी बैठक संपल्यावर ती मागं थांबली आणि गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानाची एक पिशवी माझ्या हातात दिली. आत कागदांचा गठ्ठा, सगळा हातानं लिहिलेला. तिनं कादंबरी लिहिली होती. किल्ल्याच्या पायथ्याला सीताफळं विकणाऱ्या तिच्या आईवर. एवढी एकच प्रत होती. टाइप करून घेण्याआधी माझं मत हवं होतं तिला. म्हणाली, तुम्ही जे म्हणाल तेच मी करीन.

पिशवी मी फ्रिजवर ठेवली. महिनाभर ती तिथंच होती.

डोळ्यांचा त्रास होता का मला? नव्हता. मुलगी बाळंतपणाला आली होती का? तेही नाही. त्या महिन्यात मी बाकीच्या कादंबऱ्या वाचल्या की! एक तर मला आवडत नव्हती, तरी पूर्ण केली. नवरा विचारायचा, त्या पिशवीला काय फ्रिजवरच पिकायला घातलंय का? मी हसायचे. मीराचा फोन आला की मात्र चालू आहे, चालू आहे, असं म्हणून मी ठेवून द्यायचे.

का नाही वाचली? खरं सांगते. मला वाटलं, जिला दुसऱ्याच्या कादंबरीवर धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, ती काय लिहिणार? कापडाच्या दुकानाच्या पिशवीतून कुठं साहित्य येतं का? हे असं, अगदी याच शब्दांत, माझ्या मनात आलं होतं. भीती, संकोच, वेळ नव्हता — ही सगळी नावं मी त्याला नंतर दिली.

शेवटी ती स्वतःच आली. बेल वाजली तेव्हा मी पिशवी फ्रिजवरून काढली, वरची धूळ पदरानं पुसली आणि दाराकडं जाता जाता पहिलं पान वाचलं. ती पाणी पीत होती तेवढ्यात शेवटचं. पहिल्या पानावर आई सीताफळाचे डोळे बघून कुठलं फळ कधी पिकेल ते सांगते. शेवटच्या पानावर लेक आईच्या त्याच जागेवर सीताफळांची पाटी घेऊन बसलीय. दोन्ही पानं चांगली होती. चांगली होती हो! ते पाहूनही मी थांबले नाही.

मी माझं वाक्य बोलले. सुरुवात पकड घेते, शेवट छान झालाय, पण मधला भाग रेंगाळतो. तेवढा कमी केलास तर एकदम घट्ट होईल.

मीरानं गठ्ठा ओढून घेतला आणि मधली पानं चाळली. मग तिनं हळूच विचारलं, “आईचं अंथरुणावरचं व्हय, ताई?”

मला काय माहीत मधे काय आहे? मधलं एक पान मी उलटलेलं नव्हतं. त्या क्षणी सांगता आलं असतं. मीरा, मी वाचली नाही गं, आणखी आठ दिवस दे. एवढंच म्हणायचं होतं. त्यानं काय झालं असतं? ती हसली असती आणि पिशवी ठेवून गेली असती.

मी म्हणाले, “हो, तेच.”

हाच माझा गुन्हा. दोन शब्दांचा आहे. बाकी सगळं त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

पुस्तक आलं. पातळसं, कव्हरवर किल्ला. मीरानं पहिली प्रत मला दिली. उघडलं तर अर्पणपत्रिकेत दोघींची नावं. एक आईचं, आणि खाली — ही कादंबरी सर्वांत आधी वाचणाऱ्या सुनंदाताईंना. ती समोर उभी होती, माझा चेहरा बघत. मी तिला जवळ घेतलं. घेतलं म्हणजे काय, माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून घेतलं.

मग मंडळानं तेच पुस्तक लावलं, आणि बैठक माझ्याच घरी. या वेळी मी सगळं वाचलं होतं, एकेक ओळ. पहिलं मत अर्थात माझंच. मी कौतुक केलं, खरंखुरं. पण माझ्या शेजारच्या कुलकर्णी वहिनी स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, सगळं आवडलं, पण आई एकदम वारली कशी? आदल्या पानावर तर गिऱ्हाइकाशी भांडत होती. मधे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. बाकीच्यांनीही माना हलवल्या. मला वाटलं, आता जमीन फाटावी.

मीरा तिच्या नेहमीच्या कोपऱ्यातून बोलली. इतकी वर्षं ‘मला आवडली’च्या पुढं न गेलेली बाई.

“होती ना तीन वर्सं. अंथरुणावर. मीच खाऊ घालायची, मीच धुवायची. मला वळखायचीबी नाय. लिहिलं होतं मी ते सगळं. ताई म्हणल्या, रेंगाळतंय. बरोबरच होतं त्यांचं. तवा मलाबी लई रेंगाळल्यागत वाटायचं.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी — माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत — मान डोलावून म्हणाले की हो, आता आटोपशीर झालीय.

पोहे आणते म्हणून मी आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं मीराच मागं आली, बश्या घ्यायला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ती काढलेली पानं आहेत ना गं? ती म्हणाली, कशाला ठेवायची, ताई? पाठकोरी होती. माझ्या नातीनं चित्रं काढून संपवली.

बश्या घेऊन ती बाहेर गेली.

मंडळ अजून चालू आहे. मीरा येते, कोपऱ्यात बसते. नवीन काही लिहितेस का, असं मी तिला विचारत नाही. विचारलं आणि तिनं पिशवी काढली तर? फोनवर तिचं नाव दिसलं की अजूनही मी तो शेवटच्या रिंगला उचलते. पहिलं मत अजून माझंच असतं, आणि मी ते देते. फक्त ते वाक्य आता बोलत नाही. त्यानं काय फरक पडतो म्हणा.

तिच्या आईची ती तीन वर्षं मीरानं जगली आणि मीरानं लिहिली. वाचली कुणीच नाहीत. महिनाभर ती माझ्या घरात होती, फ्रिजवर, आणि मी रोज त्याच फ्रिजमधून दूध काढत होते.